आळीपुरता दोर

"दिसतेय का गं मी?"

आईची ही हाक थोरलीच्या कानात अडतीस वर्षं तशीच राहिली होती, आत्ताच धुऊन वाळत घातलेल्या लुगड्यासारखी स्वच्छ. आळीच्या खालच्या टोकाला आई गाड्याशी उभी राहायची, वरच्या टोकाला बाबा चाकाशी. आई विचारायची, बाबांच्या पायाशी बसलेली थोरली डोळ्यांवर हात धरून बघायची आणि "दिसतेस" म्हणायची. मगच चाक फिरायचं. दोर वळणाऱ्यांच्या त्या घरात नियम म्हणावा असा तेवढा एकच होता. पलीकडच्या टोकाचं माणूस दिसत नसेल, तर दोराला पीळ भरायचा नाही.

म्हणून त्यांचा दोर आळीएवढाच. तीन पेड आळीभर ताणायचे, वर चाकाच्या आकड्यांना, खाली गाड्याच्या आकड्याला. चाक फिरलं की पेडांना पीळ बसे, दोर आखडे, आणि दगडांनी जड केलेला गाडा गाभण म्हशीसारखा सावकाश वर सरकत येई. मधे एकोणीस घरं, एकोणीस उंबरे आणि प्रत्येक उंबऱ्यापुढे एक लाकडी घोडी, दोर भुईला टेकू नये म्हणून. ज्याची त्याने सांभाळायची, गाडा दाराशी आला की उचलायची. लोहार घण ठेवून येई, शिंपी तोंडात टाचण्या धरून येई, बाळंतीणसुद्धा पोर कडेवर घेऊन एका हाताने घोडी धरी. कुणाला बोलवावं लागत नसे. चाकाची करकर ऐकली की दारं आपोआप उघडत.

बाबांनी नियम एकदाच मोडला. मोठं काम आलं होतं, दोर आळीबाहेर मैदानात न्यावा लागला, आणि नेमकं धुकं पडलं. त्या सकाळी गाडा एकटाच परत आला. पलीकडे कोरडी, सपाट जमीन. चिखल नाही, विहीर नाही, माणसाने हरवावं अशी जागाच नाही. तरी आई सापडली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "गेली ती." लोकांनी त्याचं 'पळाली' केलं. महिन्याभरात बाबांनी आळीच्या खालच्या तोंडाशी भिंत घातली.

आता बाबाही नव्हते. चाक थोरलीकडे आलं होतं, गाडा भावजयीकडे, आणि धाकटा भाऊ वाऱ्यासारखा सगळीकडे. त्यानेच गोदीतून काम आणलं. आळीच्या दीडपट लांब दोर, आणि सांधा एकही चालणार नाही.

"भिंत फोडू," तो जेवताना म्हणाला. "पलीकडे दहा घोड्या करून मांडतो."

"आणि त्या सांभाळणार कोण?"

"लाकडाच्या घोड्या गं, ताई. चारा घालायचाय का त्यांना?"

भावजय हसली. थोरली हसली नाही. "भिंत बाबांनी घातलीय."

"का घातली, ते सांग की मग. मी चार महिन्यांचा होतो, मला टाकून ती गेली. आळीला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आता त्या विटा कुणापासून काय झाकतायत?"

थोरलीने भाताचा घास तसाच ताटात ठेवला. भावजयीने तिच्याकडे पाहिलं. "वन्सं, जरा वाढू का?" असं विचारलं, आणि न वाढताच पातेल्यावर झाकण ठेवलं.

धाकट्याने भिंतीला भगदाड पाडलंच. दोराच्या दिवशी सकाळी धुकं पडलं.

धाकटा आणि भावजय दोघांनी मिळून गाडा मैदानात नेला, पेड ताणून अडकवले. भावजय गाड्याशी थांबायची होती. धाकटा भिंतीच्या भगदाडात येऊन उभा राहिला, तिची हाक ऐकून वर सांगायला. आळीत कुणालाच हे पसंत नव्हतं, तरी एकोणीस दारं उघडली. शिंपी उंबऱ्यावर येत म्हणाला, "पांढरं कापड ताग्याने उलगडलंय जणू. आज शिवायचं तरी काय?"

"फिरवा म्हणतेय," भगदाडातून धाकट्याने सांगितलं. "फिरव."

थोरलीने चाक फिरवलं. पहिल्या दहा फेऱ्या नेहमीच्या, मऊ. पेड एकमेकांना बिलगले, कुरकुरले. मग तळहाताला कळलं की काहीतरी निराळं आहे. दोर आखडत होता, पण गाडा वर येत नव्हता. चाकाचे खुंटेच जमिनीत कण्हले, आणि चाक तिच्यासकट वीतभर खाली सरकलं.

"ताई," शिंपी हळूच म्हणाला, "उलटं ओढतंय की."

एकोणीस घोड्या एकामागून एक खाली कलू लागल्या, भिंतीच्या बाजूला, धुक्याच्या बाजूला. लोहाराने आपली दोन्ही हातांनी दाबून धरली. सगळे वाकून, दात आवळून नुसते धरून राहिले, आणि दोराची थरथर उंबऱ्याउंबऱ्यातून वर येत राहिली, कुणीतरी पलीकडे खेळ म्हणून हिसके द्यावेत तशी.

तेवढ्यात शिंप्याच्या घरातून भावजय बाहेर आली. हातात वंगणाचा डबा.

थोरलीचा हात चाकावरच थिजला. "तू इथं?"

"डबा विसरले होते, वन्सं. गाडा अडत होता. शिंपीकाकांच्या परसदाराने आले, तिकडून जवळ पडतं." तिने दोराकडे पाहिलं. "सुरू कसं केलंत? मी हाकच दिली नाही अजून."

धाकट्याने भगदाडातून मागे वळून बायकोकडे बघितलं, मग धुक्याकडे. "मी ऐकलं ना पण. फिरवा म्हणाली."

आणि सगळ्यांनी ते पुन्हा ऐकलं. लांबून, पांढऱ्या पोकळीतून आलेला बारीक, उतावीळ आवाज. बाईचा नव्हता तो. सात-आठ वर्षांच्या पोरीचा होता.

"फिरवा."

शिंप्याच्या तोंडातल्या टाचण्या भुईवर पडल्या. भावजयीने डबा छातीशी धरला.

"कुणाचं तरी लेकरू आहे तिथं," धाकटा म्हणाला. त्याच्यातला बाप जागा झाला होता, भीती अजून जागी व्हायची होती. "दोराशी खेळतंय. हात जाईल बिचारीचा. थांबा, घेऊन येतो." त्याने एक पाय भिंतीपलीकडे टाकला, आणि घोट्यापर्यंतचा पाय दिसेनासा झाला.

थोरलीने चाक सोडलं. मोकळं झालेलं चाक तिच्यामागे गरगरत उलटं फिरू लागलं. ती आळीतून धावली, सेहेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांनी, कललेल्या घोड्यांच्या रांगेमधून, आणि धाकट्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"जायचं नाही."

"सोड, ताई. पोर आहे."

"पोर नाही तिथं."

"आत्ता तू ऐकलंस. या सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकलं."

"मग कोण आहे?"

दारादारातली माणसं आपापली घोडी धरून बघत होती. तिला एकेकाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. धाकट्याचं मनगट तिच्या मुठीत ओढ घेत होतं आणि तिने ते जराही सैल केलं नाही.

"तो माझा आवाज आहे," ती म्हणाली. "आई पळाली नव्हती रे. तुला टाकून तर नाहीच नाही. त्या दिवशी धुक्यात कुणी कुणाला दिसत नव्हतं, म्हणून बाबांनी मला इथं उभी केली होती, हाक पोचवायला. आई तिकडून 'थांबा' म्हणाली. दोनदा म्हणाली. मला स्पष्ट ऐकू आलं. माझे पाय दुखत होते, थांबलं असतं तर सगळा पीळ पुन्हा भरावा लागला असता. मी बाबांना ओरडून सांगितलं, फिरवा."