अन्य कारण असल्यास

"विद्यापीठाची थोरवी डोकी मोजून ठरत नसते!" असे जाहीर करून कुलगुरूंनी टेबलावर मूठ आपटली. बशीतले कप थरथरले. मग ते शेजारच्या कुलसचिवांकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "किती भरली यंदा?"

"तेराशे चाळीस. गेल्या वर्षी सोळाशे होती."

"आणि त्यांच्याकडे?"

त्यांच्याकडे म्हणजे रेल्वेने तीन तासांवरच्या मोठ्या विद्यापीठाकडे. त्याचे नाव या इमारतीत कोणी घेत नसे, पळून गेलेल्या जावयाचे घेत नाहीत तसे.

"एकतीस हजार, सर. वाढलेत."

दोन्ही विद्यापीठे सरकारी. दोन्हीकडे फी सारखी, पुस्तके तीच, आणि भिंतींना फासलेला पिवळा रंगही एकाच कंत्राटदाराचा. तरी पोरे तीन तास प्रवास करून तिकडे जात. का जातात, याचा शास्त्रीय शोध घ्यावा असे ठरले आणि सगळ्यांच्या माना संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांकडे वळल्या. त्यांना सगळे आकडेमास्तर म्हणत, तोंडावरसुद्धा.

मास्तरांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. पहिल्या वर्षाला बारा विद्यार्थी नसतील तो विभाग बंद, असा नियम होता. मास्तरांकडे अकरा होते. महिनाअखेरपर्यंत प्रवेश खुले होते. तोवर बारावा आला नाही तर अकरा जणांना दुसऱ्या विषयांत वाटून टाकणार आणि मास्तरांना परीक्षा विभागात बसवून गुणपत्रिकांच्या बेरजा तपासायला देणार. हे अकरा जण पहिल्या दोन रांगांत मावत. मास्तर फळा पुसत तेव्हा खडूची भुकटी त्यांच्या वह्यांवर पडे आणि कोणीतरी शिंके. कोण शिंकले, हे मास्तरांना पाठमोरे असतानाही कळे.

प्रश्नावली तयार करायला समितीला दोन दुपारी लागल्या. दुसरी दुपार विद्यापीठाच्या आकारावर खर्ची पडली.

"आपल्याकडे पोरांना नावानं हाक मारतात, हे लिहा की," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"तेच तर नको असतं त्यांना," क्रीडाशिक्षक म्हणाले. "नाव माहीत झालं की दांडी मारता येत नाही."

शेवटी आठ कारणे ठरली: फी, अंतर, वसतिगृह, ग्रंथालय, नोकरीची शक्यता, नावलौकिक, मित्रमैत्रिणी आणि विद्यापीठाचा आकार. नववे, 'अन्य कारण असल्यास'. त्यापुढे ग्रंथपालबाईंनी पाच ओळी सोडल्या होत्या. मास्तरांनी त्या खोडून दोन इंचांची एक रेघ ठेवली. "तीस वर्षं सर्वेक्षणं करतोय," ते म्हणाले. "अन्य कारण कोणाला नसतं."

प्रवेशाचे पत्र मिळूनही जे आले नाहीत, असे एकशे त्रेचाळीस जण निघाले. त्यांची नावे समितीला दाखवायची नाहीत, पत्ते कार्यालयानेच चिकटवायचे, असे ठरले. मास्तरांनी एकशे त्रेचाळीस पत्रांवर हिरव्या शाईने सही केली, पाकिटे स्वतः डकवली आणि बोटांना लागलेला डिंक सोलत घरी गेले.

चौथ्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांच्या चहाशेजारी एक पाकीट होते.

"तुमच्याकडचं आहे," बायको म्हणाली.

"म्हणजे? मीच पाठवलं आणि मलाच आलं?"

"नाव वाचा आधी."

पाकिटावर मुलीचे नाव होते. ती दोन महिन्यांपूर्वी मोठ्या विद्यापीठात संख्याशास्त्रच शिकायला गेली होती. तिकडचे वर्ग लवकर सुरू होतात. मास्तरांना बरेच वाटले. कार्यालयाच्या चुकांवर त्यांची जुनी श्रद्धा होती.

"बघ, हे असं आहे आमचं! जिनं अर्जच केला नाही तिला विचारतात, का नाही आलीस."

बायको कपबशा पुसत होती. "केला होता," ती म्हणाली.

"कोणी?"

"तिनं. तुमच्याच विषयाला."

"तुला माहीत होतं?"

"अर्जावर पालकांची सही लागते. मी पालक आहे ना अजून?"

मास्तरांनी चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"ती सांगणार होती. पुढचं तिलाच विचारा."

मास्तरांनी पाकीट फोडले, प्रश्नावली गुडघ्यावर पसरली, पेनाचे टोपण काढले आणि फोन लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी समितीतर्फे बोलतोय."

"कसल्या समितीतर्फे?"

"प्रश्न पहिला. आमची फी जास्त वाटली का?"

पलीकडे कुठेतरी दार आपटले, खूप माणसे एकदम बोलत गेली.

"कळलं का तुम्हाला?" तिने विचारले.

"फी."

"सारखीच आहे, बाबा."

"अंतर?"

"घरापासून चौदा मिनिटं. उशीर झाला तर पळत नऊ. मोजलं होतं मी."

"ग्रंथालय?"

"तुमच्याकडचं बरं. मागितलं की पुस्तक मिळतं. इथे नंबर लावावा लागतो."

मास्तर प्रत्येक चौकोनात नीट फुली मारत होते. वसतिगृह, नोकरी, नावलौकिक, मैत्रिणी. सगळ्यांवर फुली पडली.

"विद्यापीठाचा आकार?"

"लहानच हवं होतं मला."

पेन थांबले. आता फक्त रेघ उरली होती.

"अन्य कारण असल्यास," मास्तरांनी वाचले.

"राहू दे ना, बाबा."

"समितीला लागतं."

"समितीला लागतं की तुम्हाला?"

मास्तरांनी गुडघ्यावरचा कागद सरळ केला.

"प्रवेशाचं पत्र आलं त्या रात्री काका-काकू जेवायला होते," ती म्हणाली. "मी ते ताटाखाली ठेवलं होतं. सगळ्यांसमोर काढून दाखवणार होते. तेवढ्यात काकांनी विचारलं, काय रे, तुमच्याकडे हल्ली येतं तरी कोण? तुम्ही म्हणालात, ज्यांची गाडी चुकते ते."

मास्तरांना आठवले. सगळे हसले होते. काकांना ठसका लागून पाणी द्यावे लागले होते. विनोद चांगला होता, हेच वाईट होते. त्यानंतर त्यांनी तो आणखी तीन ठिकाणी सांगितला होता, त्यांतल्या एका ठिकाणी कोणाचा तरी निरोपसमारंभ होता.

"अगं, ते मी गमतीनं..."

"माहीत आहे. मी पण हसले की. मग काकू म्हणाल्या, हिची नाही हो चुकायची गाडी. तर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, छे, ही वेळेवर पोचणारी आहे." ती थांबली. "त्यानंतर कसं काढणार पत्र?"

मास्तरांनी रेघेवर पेन टेकवले. 'घरी' एवढे लिहिले. पुढे जागा होती, पण त्यात मावेल असे काही सुचेना. शाईचा एक ठिपका तेवढा पसरला, हिरवा.

बायको आतल्या दाराशी येऊन उभी राहिली होती. हातातल्या कपावर फडके फिरतच होते.

"आमच्याकडे," मास्तर घसा साफ करून म्हणाले, "प्रवेश अजून महिनाअखेरपर्यंत..." आणि थांबले. जिला वेळेवर पोचणारी म्हणून जगजाहीर केले, तिला आता परत फिर असे कोणत्या तोंडाने सांगणार? बाराव्या विद्यार्थिनीची गरज विभागाला होती की त्यांना, हेही त्यांना नीट सांगता आले नसते.

"काय म्हणालात? इथे आवाज फार आहे."

"काही नाही. सर्वेक्षण संपलं. सहकार्याबद्दल आभार."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी हसली.

"बाबा, एक मागू का?"

मास्तर खुर्चीत सरळ झाले. दाराशी फडके हलायचे थांबले.

"माग की. काय वाटेल ते माग."

"तुमच्या पहिल्या वर्षाच्या नोट्स पाठवाल? चारशे जण आहोत वर्गात, मागून फळाच दिसत नाही." आणि मग घाईघाईने, त्यांना फार त्रास नको म्हणून, "झेरॉक्स चालेल."