परखी आणि पंच्याण्णव टक्के

मित्रांनो, मी एक जुनी परखी आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलं नसेल, म्हणून आधी माझं रूप सांगते. हातभर लांबीची लोखंडी नळी, एका बाजूने उभी चिरलेली, पुढे टोकदार आणि मागे बाभळीच्या लाकडाची मूठ. धान्याने भरलेल्या पोत्यात मला खुपसायचं, फिरवायचं आणि बाहेर ओढायचं, की मूठभर दाणे तळहातावर येतात. पोतं न उसवता आतला माल कसा आहे ते कळतं. दुसरी एक गोष्टही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला बोल लावायला नको. मी मत्सरी आहे.

माझा जन्म कन्नौदच्या धान्यबाजारामागे एका लोहाराच्या भट्टीत झाला. तिथून मी देवासला सोयाबीनच्या एका कारखान्यात आले आणि अरविंदरावांच्या हातात पडले. अरविंदराव जळगावकडचे. नोकरीसाठी तरुणपणीच देवासला आले आणि इथलेच झाले. फाटकावर ट्रक थांबला की ते मला घेऊन वर चढत. ड्रायव्हर खालून ओरडायचे, "भिया, ऊपर-ऊपर से ले लो नी, सब एक जैसो माल हे!" अरविंदराव हसायचे आणि नेमके मागच्या, तळाच्या पोत्याकडे जायचे. दोनशे पोत्यांतली वीस ते निवडत. पण हाताशी आलेली वीस नव्हे, तर मोजून दर दहावं पोतं. प्रत्येकात मला एकदा वर आणि एकदा खालच्या कोपऱ्यात खुपसत. दाणे काढून झाले की माझ्या टोकाने तागाचे धागे पुन्हा सारखे करत, म्हणजे भोक बुजून जाई. इतक्या मायेने काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सगळे माझं कौतुक करत. मग प्रयोगशाळेत ओलावा मोजायचं यंत्र आलं. दाणे पोटात घ्यायचं आणि लाल अक्षरांत आकडा दाखवायचं. लोक त्याच्याभोवती जमू लागले. अहो, ते दाणे आणून कोण देत होतं? मीच ना! पण नाव त्याचं झालं. माझा पहिला जळफळाट तो.

अरविंदराव निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना शाल दिली, आणि त्यांनी मला मागून घेतलं. मला वाटलं, आता घरात माझा थाट असेल. कसला थाट! मागच्या खोलीच्या दाराआड एका खिळ्यावर मला अडकवलं. मधूनमधून कोणी माझ्या टोकाने कुंडीतली माती उकरी. एकदा तर बेसिनची तुंबलेली जाळी माझ्याकडून मोकळी करून घेतली. त्या दिवशीचा अपमान मी अजून विसरलेले नाही.

आणि मग घरात लॅपटॉप आला. अरविंदरावांची नात जान्हवी कॉलेजात संख्याशास्त्र शिकते, तिच्यासाठी. त्याला मऊ पिशवी काय, बसायला वेगळं टेबल काय! सकाळी उठल्याबरोबर जान्हवी त्याचं तोंड उघडणार. त्याचा पडदा पुसायला खास फडकं, आणि माझ्यावर गंज चढलाय, तो कोणाला दिसत नाही. तो रंगीत वर्तुळं काढायचा, उभे खांब काढायचा, आणि घरातले सगळे "वा!" म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

या घरात आणखी एक व्यक्ती आहे, अक्का. अरविंदरावांची थोरली बहीण. जळगावला शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्तीनंतर भावाकडे आल्या. गेली सात वर्षं त्या आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या खोलीत दर रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवतात. इथली मुलं हिंदीत शिकतात. घरी मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक हातात दिलं की चुळबुळ करतात. अक्कांचा सगळा आठवडा त्या रविवारकडे डोळे लावून असतो.

यंदा पाडव्याच्या आधी मंडळाचे अध्यक्ष यशवंतराव घरी आले. धारच्या जुन्या दरबारी घराण्यातले, आता देवासला व्यवसाय करतात. बोलणं अदबीचं. म्हणाले, "अक्कासाहेब, त्या खोलीत योगवर्ग सुरू करावा असा काहींचा आग्रह आहे. वाचनवर्गाची गरज आता उरली आहे का, हे एकदा तपासून पाहावं म्हणतो. आपली जान्हवी हेच शिकते ना? तिनेच पाहणी करावी."

जान्हवी एवढी खूश झाली! तिला कॉलेजातही असाच प्रकल्प द्यायचा होता. तिने एक फॉर्म केला. त्यात एकच मुख्य प्रश्न होता: तुम्हाला मराठी वाचता येते का? हो किंवा नाही. पाडव्याच्या कार्यक्रमात दारातच तिने तरुण मुलामुलींना फॉर्म वाटले. साठ भरून आले, त्यांत सत्तावन्न 'हो'. लॅपटॉपने लगेच एक भलंमोठं केशरी वर्तुळ काढलं, आणि त्यात नखाएवढी निळी फाक.

"आबा, देखो ना! पंच्याण्णव टक्के!" जान्हवी नाचतच आली. "यशवंतकाकांना फोटो पाठवला, ते बोलले एकदम बढिया."

अक्का मेथी निवडत होत्या. त्यांनी वर्तुळाकडे पाहिलं. "पंच्याण्णव म्हणजे झालंच की," त्या म्हणाल्या. "बंद होऊ दे वर्ग. माझेही गुडघे कुरकुरतातच आता." आणि निवडलेली मेथी त्यांनी देठांच्या ढिगात टाकली.

जान्हवीचा चेहरा पडला. आपल्या वर्तुळाने काय केलं, हे तिला तेव्हा समजलं. "पण अक्का, आकडा गलत कसा असेल? लॅपटॉपने काढलाय."

अरविंदराव उठले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. मित्रांनो, कितीतरी वर्षांनी त्यांच्या मुठीत माझी मूठ आली! त्याच आठवड्यात वर्षाच्या गव्हाची पोती येऊन पडली होती. त्यांनी मला एका पोत्यात वर, तोंडाशी खुपसलं आणि निघालेले दाणे जान्हवीच्या उजव्या हातावर ठेवले. सोनेरी, टपोरे. मग खालच्या कोपऱ्यात खुपसलं आणि ते दाणे तिच्या डाव्या हातावर ठेवले. काळपट, कुबट वासाचे. ट्रकमध्ये पोत्याला खालून पाणी लागलं होतं.

"पोतं एकच आहे," अरविंदराव म्हणाले. "लॅपटॉपने भागाकार बरोबरच केला गं. तू दाणे कुठून घेतलेस ते सांग. पाडव्याला कोण आलं होतं?"

"ज्यांना यायचं होतं ते."

"आणि फॉर्म भरून दिला तो कोणी?"

जान्हवीने फॉर्म चाळले. त्यातली निम्मीअधिक मुलं अक्कांच्याच वर्गातली निघाली. पाडव्याला त्यांची नाटुकली होती, म्हणून ती आली होती. अक्कांनी शिकवलं म्हणून त्यांनी 'हो' लिहिलं, आणि त्या 'हो'मुळे अक्कांचाच वर्ग बंद व्हायला निघाला होता. मराठी पुस्तक दिसलं की चुळबुळ करणारी मुलं आलीच नव्हती, किंवा फॉर्म खुर्चीवर टाकून जेवायला गेली होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला अक्कांचं काहीच वाटलं नाही. लॅपटॉपची फजिती झाली याचाच मला आनंद झाला. फुटलं एकदाचं ते केशरी वर्तुळ! मग माझी नजर अक्कांकडे गेली. त्या देठांतून मेथीची पानं परत वेचत होत्या. मला माझीच लाज वाटली, पण मत्सर काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी जान्हवीने मंडळाची यादी मागवली. दहा ते पंचवीस वयाची दोनशे चाळीस मुलं निघाली. त्यांतली तीस घ्यायची, म्हणजे दर आठवं नाव. सुरुवात कुठून करायची? एक ते आठ आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून अक्कांना एक काढायला सांगितली. पाच निघाला. मग पाच, तेरा, एकवीस, असं शेवटपर्यंत. कोण ओळखीचं, कोण हुशार, कोण जवळ राहतं, काही बघायचं नाही. हे सगळं माझ्या ट्रकवरचंच तंत्र होतं. पण नावं भरायला बसली ती लॅपटॉपपुढेच! मी दाराआडून बघत राहिले.

प्रश्नही तिने बदलला. 'येते का' असं विचारायचंच नाही. अक्कांनी दोन ओळी लिहून दिल्या: गुरुजींनी मुलाला शिक्षा केली. मग सगळ्यांनी त्याची चेष्टा केली. मुलांनी त्या वाचायच्या आणि अर्थ कुठल्याही भाषेत सांगायचा. स्कूटी काढून जान्हवी आठ दिवस घरोघर फिरली. जी घरी नव्हती त्यांच्याकडे दोनदा, तीनदा गेली. संध्याकाळी येऊन सांगायची. पहिल्या दिवशी तर तिला हसू आवरेना. एका मुलाने दोन्ही ओळी घडाघडा वाचल्या आणि अर्थ सांगितला, "सर ने बच्चे को पढ़ाया, फिर सबने उसके लिए कोशिश की।"

तिसऱ्या दिवसापासून ती हसेनाशी झाली. अक्षरं जवळजवळ सगळ्यांनाच येत होती, कारण ती हिंदीचीच अक्षरं. म्हणून पाडव्याला तीही 'हो'च म्हणाली असती. पण शब्द त्यांच्याशी हिंदीतच बोलत होते: शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न.

पुढच्या शनिवारी दुपारी यशवंतराव निर्णय घेऊनच आले होते. जान्हवीने लॅपटॉप उघडला. "काका, तिसांपैकी एकोणतीस जण झाले. सत्तावीस जणांनी नीट वाचलं. अर्थ अकराच जणांना समजला."

यशवंतरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "एवढ्याशा मुलांवरून अडीचशेंचं कसं ठरवता, अरविंदराव?"

अरविंदरावांनी मला यशवंतरावांपुढे ठेवलं. "कारखान्यात दोनशे पोत्यांचा ट्रक मी हिच्यावर पास करत होतो, परतही पाठवत होतो. कमीजास्त होतंच. पण दाणे निवडून घेतले नाहीत, तर फार फसवत नाहीत."

"पंधरा-सतरा टक्के इकडेतिकडे होईल, काका," जान्हवी म्हणाली. "पण पंच्याण्णव नाही होणार."

"मग तिसावं नाव कोणाचं राहिलं?"

जान्हवीने यादीवर बोट ठेवलं. "एकशे एक्क्याऐंशी नंबर. माझंच आहे."

यशवंतराव दिलखुलास हसले. "अगं, मग घाल की बारा! तू तर घरात उत्तम मराठी बोलतेस."

"अक्कांच्या ओळी मला आधीच माहीत आहेत. दुसरी ओळ पाहिजे." तिने कागद अक्कांपुढे केला.

अक्कांनी लिहिलं: पावसाचं आणि टँकरच्या फेऱ्यांचं प्रमाण व्यस्त असतं.

जान्हवीने न अडखळता वाचलं. मग ती थांबली. "म्हणजे… पावसाचा आणि टँकरचा प्रूफ… बिझी असतो?"

यशवंतराव हसायला लागले. अक्का हसल्या नाहीत. "एक वाढलं की दुसरं त्या मानाने कमी होतं. त्याला व्यस्त प्रमाण म्हणतात, बाळा."

"पण हे तर मी कॉलेजात रोज करते!" जान्हवी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला.

"जाऊ द्या हो, एका शब्दाचं काय," यशवंतराव मऊ आवाजात म्हणाले. "अर्थ सांगितल्यावर तर समजलाच ना! 'हो' लिही."

मित्रांनो, तिने 'हो' लिहिलं असतं तर कोणाला कळलं असतं? लॅपटॉप तर काहीच बोलला नसता, त्याला जे भरवाल ते तो गिळतो. मी मात्र बघत होते. जान्हवीने स्वतःच्या नावापुढे 'नाही' लिहिलं. तिसांत अकरा. शंभरात सदतीसही धड नाहीत.

यशवंतरावांनी तो एक रकाना पुन्हा वाचला. मग उठून त्यांनी अक्कांना नमस्कार केला. "जी मुलगी स्वतःच्या नावापुढे 'नाही' लिहिते, तिचे आकडे मला मान्य आहेत. खोली आपल्याकडेच राहील, अक्कासाहेब. योगवर्ग अंगणात भरेल."

जाताना त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मेलं अस्सं वाटलं, की त्यांच्याच सदऱ्यात शिरावं.

अरविंदरावांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी माझा गंज घासला आणि मला गोडेतेलाचा हात दिला. तुमच्याही घरात असं एखादं जुनं साधन असेल, तर त्याला बेसिनच्या जाळीत खुपसू नका, एवढी विनंती आहे. आणखीही एक मागणं आहे. 'येतं का?' असं कोणी विचारलं, तर 'हो' म्हणण्याआधी आपलं पोतं खालच्या कोपऱ्यातून एकदा तपासा. वरचे दाणे सगळ्यांचेच सोनेरी असतात.

तो रविवार होता. अक्का वर्गाला निघाल्या आणि त्यांच्यामागे जान्हवी. लॅपटॉप टेबलावर मिटून पडला होता. मला बरं वाटणार, तेवढ्यात तिच्या हातातली नवी वही दिसली. दुरेघी, लहान मुलांची असते तशी. तिच्या पहिल्या पानावर जान्हवीने मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं होतं: जान्हवी, वय वर्षे वीस, वर्ग पहिला. ती वही तिने छातीशी धरली होती. आता सांगा, मला त्या वहीचा मत्सर वाटला, यात माझी काय चूक?