बाहेरची कडी

मित्रांनो, दार वाजले की तुम्ही दाराकडे पाहता. कडीकडे कोणी पाहत नाही. मी तशीच एक जुनी लोखंडी कडी आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. कोणी अडकवले की अडकायचे आणि कोणी काढले की लोंबकळत राहायचे, एवढेच माझे आयुष्य.

सेलूच्या एका लोहाराने मला बैलगाडीच्या चाकाच्या मोडक्या लोखंडी धावेतून घडवले. पहिली काही वर्षे मी कापसाच्या गोदामाच्या दाराला होते. व्यापारी मला हिसका देऊन बघत आणि "कडी लय मजबूत हाय," म्हणत. तेव्हा माझी छाती फुगायची. कापूस कोंडला तर कापसाला काही वाटत नाही, म्हणून मलाही काही वाटत नसे. पुढे गोदाम पडले. दार भंगारात गेले आणि दारासोबत मीही. तिथे पावसात गंजत पडले होते, तेव्हा पूर्णा जंक्शनच्या बाजूला एक नवी शाळा निघाली. बोलायला, वागायला उशिरा शिकणाऱ्या मुलांची ती शाळा होती. शाळेने ते दार स्वस्तात नेले आणि एका लहान खोलीला बसवले. मी बाहेरच्या बाजूला, उंचावर.

त्या शाळेत मूल असे का वागते ते आधी पाहत आणि मग त्याला थोडे थोडे शिकवत. कामाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. मदतनीस बायनाबाई दिवसभर मुलांजवळ बसे आणि सांगितले तसे करी. तिच्यावर दिनकर गुरुजी. रोजचा पाठ नीट चालतो की नाही ते बघत. दोघांवर पर्यवेक्षक माणिकराव साहेब. ते महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येत. पाठ ठरवायचा आणि बदलायचा तो त्यांनीच.

मनकर्णा नावाची आठ वर्षांची मुलगी तिथे येई. तिचे आईबाप मेंढरे राखत. तिला शब्द नव्हते. रेल्वेचा भोंगा वाजला की ती कान दाबून वाट फुटेल तिकडे पळे. एकदा तर सिग्नलपर्यंत गेली होती. म्हणून भोंगा वाजला की तिला खोलीत घ्यायचे आणि मला अडकवायचे, असे ठरले.

तिची आई अंबाबाई सोडायला आली की म्हणे, "माझं कोकरू बी भूक लागली की ओरडतंय, बाई. हिनं कवा पाणी बी मागितलं न्हाई."

साहेबांनी पाठ दिला, दारावर दोन थापा मारून बाहेर यायचे मागायला शिकवा. बायनाबाई आत बसून तिचा हात धरून दोन थापा मारी आणि गुरुजी बाहेरून मला काढत. साहेब जाताना म्हणाले, "आता बाईंना बाहेर थांबू द्या. मुलगी आपणहून वाजवू लागली की मला कळवा. मी डोळ्यांनी पाहीन, मग थापेला दार उघडायचं. तोवर गाडी जाईपर्यंत कडी काढायची नाही."

आणि एके दिवशी मनकर्णाने एकटीने वाजवले. थप, थप. जन्मात पहिल्यांदा तिने काही मागितले होते.

बायनाबाईचा हात माझ्यापर्यंत आला. "गुरुजी, पोरगी वाजवायलीय. काढू का?"

"साहेबांनी पाहिल्याशिवाय नाही, बाई. मागं आपल्या मनानं शाळेचं फाटक उघडं ठेवलं, तर पोरगी सिग्नलपाशी सापडली. विसरलात का?"

तिचा हात खाली गेला. गुरुजींनी साहेबांना निरोप धाडला. पण ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे. आज बंद, उद्या मोर्चा, कधी गाड्याच थांबलेल्या. साहेब आले नाहीत. मनकर्णा वाजवत राहिली. दोन थापांची एक झाली. मग नुसती बोटे घासल्याचा आवाज. मग तोही गेला. आत ती अडकलेली आणि बाहेर मी. मला स्वतःहून सुटता आले असते तर, असे फार वाटे.

अखेर साहेब आले. बायनाबाई म्हणाली, "लय उशीर केलात, साहेब. वाजवायचं इसरली ती."

साहेब चपला काढून खोलीत गेले आणि मनकर्णाशेजारी फरशीवर बसले. तेवढ्यात भोंगा झाला. बायनाबाईच्या हाताला सवय. तिने दार ओढले आणि मला अडकवले.

मालगाडी होती, संपता संपेना. आतून साहेब ओरडत होते, पण धडधडाटात शब्द कळत नव्हते. मग त्यांनी दार ठोकायला सुरुवात केली.

गुरुजी धावत आले. "कोण ठोकतंय?"

"साहेब ठोकायलेत."

"अहो मग उघडा."

"साहेबाचाच हुकूम हाय, गाडी जाईस्तोवर न्हाई."

"हुकूम देणाराच आत आहे, बाई."

"म्हणून तर भ्या वाटायलंय."

तेवढ्यात साहेबांचे ठोके थांबले. दाराच्या खालच्या बाजूला दोन थापा पडल्या. लहान हाताच्या.

"ही साहेबाची थाप न्हाई," बायनाबाई म्हणाली. आणि तिने गुरुजींना न विचारता मला काढले.

गाडी अजून चालूच होती. मनकर्णा बाहेर आली. गुरुजी फाटकाकडे धावले, तिला अडवायला. पण ती पळाली नाही. बायनाबाईचा पदर दोन्ही मुठींत धरून तिथेच उभी राहिली. मागून घामाघूम साहेब आले.

"मी वाजवलं ते तिनं पाहिलं," ते म्हणाले. "आत बसल्यावर गाडी फार लांब वाटते, गुरुजी."

"मग आता हुकूम काय, साहेब?"

"थाप पडली की दार उघडायचं. दाराशी असेल त्यानं. माझी वाट पाहायची नाही. चुकलं तर जबाबदारी माझी."

"आन् ही कडी?" बायनाबाईने विचारले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "आतून बसवा. खाली, हिच्या हाताला येईल अशी."

सुताराने मला उपटले तेव्हा दुखले, पण ते दुखणे मला आवडले. त्यानंतर भोंगा वाजला की मनकर्णा बायनाबाईला ओढत खोलीत नेई, स्वतः मला लावी आणि गाडी गेली की स्वतःच काढी. माझ्या अंगावरचा गंज तिच्या बोटांनी घासून गेला. अंबाबाईने ते पाहिले त्या दिवशी ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून होती.

आता शाळा दुसरीकडे गेली. मी रिकाम्या खोलीत आहे आणि गंज परत चढतो आहे. मित्रांनो, मला तेल घातले नाही तरी चालेल. पण कोणावर बाहेरून कडी लावायची वेळ आलीच, तर दाराला कान लावून उभे राहा. आणि थाप ऐकू आली, तर वरच्या माणसाची वाट पाहू नका.