आडवं शेपूट

मित्रांनो, मी एक जुनं मासेमारीचं जाळं आहे. मला डोळे नाहीत. जे कळतं ते गाठींना कळतं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख; त्याची थोरली बहीण, आक्का, हिने सहा महिने दारात बसून, मनातल्या मनात देवाचं नाव घेत मला विणलं.

माझ्यात मुशी पुष्कळ यायच्या. मुशी म्हणजे लहानसा शार्क. तिचं अंग पॉलिशपेपरसारखं खरखरीत, मानेच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी. शेपूट उभं, त्यामुळे ती ते डावी-उजवीकडे मारत पोहते.

एका सकाळी खलाशाला ताप होता, म्हणून आक्काच भावाबरोबर होडीवर आली होती. जाळं ओढताना मला जोरात धडक बसली. तांडेलाने वाकून पाहिलं. राखाडी अंग, पाठीवर तिकोनी पर. मुशीच आहे, राहू दे पाण्यात, ताजी राहील, आधी बाकीचं ओढू, असं म्हणून तो वळला.

मुशी असती तर त्याचं बरोबरच होतं. पण माझ्या गाठींना लागत होतं ते ओल्या रबरासारखं गुळगुळीत अंग. मानेला फटी नाहीत, डोक्यावर मात्र एक भोक, घट्ट मिटलेलं. ते डॉल्फिनचं पिल्लू होतं! डॉल्फिन राहतो पाण्यात, पण श्वास घेतो हवेत. आणि मीच त्याला पाण्याखाली वीतभर आवळून धरलं होतं. ओरडावंसं वाटलं; पण जाळ्याला भोकं हजार, तोंड एकही नाही.

आक्का मात्र अजून पाण्यात बघत होती.

"अरे, याचं शेपूट आडवं आहे," ती हळूच म्हणाली. "वर-खाली मारतंय. मुशी नाही ही. पिल्लू बुडतंय रे."

"समुद्रातलं पिल्लू बुडतंय?" तांडेल हसला. "उद्या म्हणशील, घारीला उंचावर चक्कर येते."

आक्काने सुरी उचलली. तेव्हा मात्र त्याचं हसू पळालं. ऐन हंगामात दुसरं जाळं कुठून आणायचं?

"आक्का, सहा महिने घातलेस तू त्यात."

"म्हणूनच मी कापते. दुसऱ्या कुणाला कापू दिलं नसतं."

सपासप दोरे तुटले. प्रत्येक दोरा मला कळला. तोवर तांडेलालाही डोक्यावरचं ते भोक दिसलं. त्याने दोन्ही हात पोटाखाली घालून पिल्लू वर उचललं. क्षणभर काहीच झालं नाही. मग फस्सकन श्वास सुटला आणि तांडेलाचं तोंड भिजलं.

"आपल्यासारखाच दम टाकतोय की हा," तो पुटपुटला.

थोड्या अंतरावर आईची पाठ वर आली. पिल्लू तिच्याकडे झेपावलं, आणि जाता जाता सबंध अंगानिशी पाण्याबाहेर उडालं! धक्क्यावर तांडेल दिवसभर सांगत सुटला की आडवं शेपूट आधी त्यालाच दिसलं होतं. आक्काने ते खपवून घेतलं.

मित्रांनो, मुशी आणि डॉल्फिन, दोघांनाही एकाच पाण्यात ठेवणाऱ्याने श्वास वेगवेगळा दिलाय. तेव्हा हात घालण्याआधी नीट बघा. मुशीचं पिल्लू आलं तर तेही सोडा, त्यालाही मोठं व्हायचं असतं. आणि जुनं जाळं समुद्रात फेकू नका. ते तिथे मालकाशिवायही धरतच राहतं.

मला आक्काने घरी आणलं, पुढच्या खोलीत भिंतीवर टांगलं. येणारा-जाणारा हात लावून बघतो. जन्मभर मी काय काय धरलं, ते कुणी विचारत नाही. जे सोडलं, त्याचीच गोष्ट सगळ्यांना हवी असते. आणि खरं सांगू? मलाही तीच सांगायला आवडते.