आधी त्यानं फोडावा

हौशीरामाचं वाटोळं व्हावं, असं प्रयागबाई देवापुढं बसूनही म्हणायची. सख्खा धाकटा दीर. पण पिंपळवंडीच्या ओढ्याच्या एका काठाला ती, दुसऱ्याला तो, आणि चार वर्षांत बोलणं झालं असेल ते शिव्यांपुरतं.

भांडण ओढ्यावरूनच. पूर्वी तो हौशीरामाच्या रानातून मोठं वळण घेऊन यायचा. वळणावर करंजाची झाडं, साती आसरा या पाणदेवतांचे शेंदूर फासलेले दगड आणि पावसाळ्यात पाणी पसरायला हवी तेवढी जागा. हौशीरामाला ती जागा टोमॅटोसाठी हवीशी झाली. त्यानं जेसीबी लावला, करंज उपटले, वळण मुरमानं बुजवलं. आसरांना गोणीत घालून रस्त्याकडेच्या चिंचेखाली नेऊन बसवलं, आणि ओढा पट्टीनं आखल्यासारखा सरळ केला. दहा गुंठे निघाले. पुढच्याच पावसात सुसाट आलेल्या पाण्यानं प्रयागबाईचा काठ खाल्ला.

ती काय गप्प बसणारी? तिनं आपल्या काठाला दगडमातीचा बांध घातला. त्यानं तिच्याहून हातभर उंच घातला. तिनं आणखी चढवला. अशी दरवर्षी चुरस लागली आणि चांगल्या ओढ्याचं गटार झालं. पाण्याला इकडं शिरता येईना, तिकडं शिरता येईना. सगळा लोंढा खाली, रस्त्याखालच्या मोरीजवळच्या वस्तीवर. त्याच वस्तीवर प्रयागबाईची लेक वृषाली दिलेली होती.

"आई, तुझा बांध तरी काढ गं," वृषाली दर पावसाळ्यात हात जोडायची. "पाणी आमच्या उंबऱ्याला लागतंय."

"आधी त्यानं फोडावा. मी न्हाई."

बांधामागं तिची कांद्याची बराख होती. बांबूच्या त्या लांबलचक छपरात वर्षाचा सगळा कांदा साठवलेला. पण खोटं कशाला सांगा, बराख हे निमित्त. बाईला हट्ट प्यारा होता, लेकीच्या उंबऱ्याहून प्यारा, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

यंदा भाद्रपदात दोन दिवस पाऊस नुसता कोसळला. दुसऱ्या दुपारी वृषालीचा फोन आला.

"आई, घरात मांडीएवढं पाणी हाय! सासूबाईंना माळ्यावर चढवलंय. लेकीला, संस्कृतीला कडंवर घेऊन उभी हाय. दार उघडत न्हाई गं..." फोन तुटला.

प्रयागबाई पहार उचलून बांधावर धावली. समोरच्या बांधावर हौशीराम छत्री धरून उभा, टोमॅटो राखत.

"फोड की रं तुझा बांध! वृषाली बुडतीय! तुझीबी पुतणीच हाय ना?"

"आधी तुमी फोडा, वैनी! माझा माल तोडणीला आलाय!"

चार वर्षं ती जे म्हणत आली, तेच त्याच्या तोंडून ऐकलं आणि तिला त्याची नाही, स्वतःचीच किळस आली. रान सखल होतं ते नेमकं बराखीसमोर. तिथंच तिनं पहार घातली. वरचे तीन दगड तिनं काढले, बाकीचे पाण्यानं काढले. ती कशीबशी बाजूला झाली. बराख कडकडली, आडवी झाली आणि कांदा रानभर पसरून खालच्या अंगानं पुन्हा ओढ्याला लागला.

पलीकडं टोमॅटोचं पानही हाललं नव्हतं.

"तुझं कदी भलं व्हायचं न्हाई, हौशा!" ती ओरडली. तो छत्री सावरत घराकडं निघून गेला.

तासाभरानं फोन वाजला.

"आई, पाणी उतरलं गं! आमी समदी नीट हाय." वृषाली हसत रडत होती. "नानांनीच बांध फोडला असणार. कितीबी झालं तरी चुलता हाय. तू तर कदी फोडला नसतास."

प्रयागबाई चिखलात बसली होती. सांगावं असं ओठावर आलं, पण लेक काही चुकीचं बोलत नव्हती. आजवरची आई तिनं बरोबर ओळखली होती.

"आणि आई, मोरीपाशी लई कांदा वाहून आलाय. कुणा बिचारीचा असंल गं?"

"येचून घे," प्रयागबाई म्हणाली. "वाळव चांगला. न्हाईतर सडंल."