लाइलला बाहेर काढा

मी कसिनोत पत्ते वाटते, आणि माझ्या टेबलावर कोणी ना कोणी विचारतंच, "कोरीन, पत्ते मोजायला शिकावं का गं?" सहलीला आलेले, वर्षातून दोनदा ब्लॅकजॅक खेळणारे लोक. कुठेतरी वाचून आलेले असतात आणि डोळे चमकत असतात.

मी सांगते, नका शिकू बाबांनो. मोजणं तसं सोपं आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान गेलं की एक मिळवा, दस्सी, चित्र नाहीतर एक्का गेला की एक वजा करा, बाकीची पानं सोडून द्या. बेरीज चढली म्हणजे मोठी पानं अजून मागे आहेत, तुमची चलती आहे, तेव्हा डावावर जास्त लावा. झालं! पण इथे सहा कॅट एकत्र पिसलेले असतात, शेजारचं मशीन किंचाळत असतं, कुणाची तरी बिअर सांडते आणि तुमची बेरीज जाते वाहून. आणि समजा जमलंच, तर टेबलांवर नजर ठेवणारा आमचा पेट्रिनी येतो आणि तुम्हांला खेळातून उठवतो. मग शिकून मिळवलं काय?

हे उत्तर मला वर्षानुवर्षं पुरलं. मग लाइल ऑर्डवे आला.

आमच्या एल्को गावात लाइलला सगळे ओळखतात. जन्मभर त्याने हमरस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली. आता सत्तरी ओलांडलेली, कानांवर पांढरे केस, आणि कंजूष इतका की कॉफी फुकट आहे म्हणून तीन कप पिणार. दर मंगळवारी दुपारी, जेवणाची गर्दी ओसरली की यायचा, माझ्या टेबलावर बसायचा आणि पाच डॉलरचं लाल टोकन पुढे ठेवायचा. दर डावाला एकच. पण पूर्वी बडबड्या असलेला हा माणूस त्या हिवाळ्यात एकदम गप्प झाला. पानं पडली की त्याचे ओठ हलायचे. मी मनात म्हटलं, घ्या, ह्यालाही ते खूळ लागलं!

खरं कारण मला वर्षभराने बाजारात कळलं. मी कोबी निवडत होते. लाइलची बायको मार्लिस दूध आणायला पलीकडे गेली, तसा हा माझ्याजवळ सरकला.

"कोरीन, खरं सांग. पेट्रिनी माणसाला कधी बाहेर काढतो?"

"का हो? तुम्हांला निघायची घाई झालीय?"

"हो," तो म्हणाला. "त्याने मला बाहेर काढायला हवंय."

मी कोबी खाली ठेवला. "लाइल, बरं आहे ना?"

"तेच तर मला कळत नाही ना!" तो इकडेतिकडे बघून हळू बोलायला लागला. "माझ्या भावाचं काय झालं ठाऊक आहे तुला. डेलला शेवटी स्वतःचा कुत्रा ओळखू येईना. आता माझ्याही हातून किल्ल्या हरवतात, नावं निसटतात. डॉक्टरने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मी काढलं. तो म्हणतो, वयाच्या मानाने छान. मार्लिस म्हणते, तुम्ही ठणठणीत आहात. अगं, ती तर म्हणणारच! पण तुमच्या पेट्रिनीला माझ्याबद्दल काडीचं प्रेम नाही. त्याने मला उठवलं, तर समजेन की डोकं अजून शाबूत आहे. वर्षभर घोकतोय मी. आणि तो मेला मला फुकट जेवणाची कुपनं पाठवतो!"

आमच्याकडे ज्याला फुकट जेवण मिळतं तो हरणारा, हे गावात लहान पोरालाही माहीत आहे. मला खरं सांगायचं तर वाईटच वाटलं. म्हातारा चुकत असणार, असंच मी धरून चालले.

तरी मला राहवेना. पुढच्या मंगळवारी मीही पानं वाटता वाटता मोजत गेले. पिसायची वेळ आली तेव्हा मान वर न करता पुटपुटले, "किती?" छतावरचा कॅमेरा बघतो, ऐकत नाही.

"अधिक सात," लाइल म्हणाला.

माझेही सातच आले होते. पुढच्या खेपेला तो म्हणाला, "वजा तीन." तेही बरोबर! मग हा इथे बसलाय कसा?

सुट्टी झाल्यावर मी पेट्रिनीला मागच्या खोलीत गाठलं. पेट्रिनी आमचा पाळीप्रमुख, कोट कायम बंद बटणांचा आणि तोंड त्याहून बंद.

"तो लाइल मोजतो, तुला दिसत नाही?"

"दुसऱ्याच आठवड्यात दिसलं," तो सँडविच खात म्हणाला. "बरोबर मोजतो. मग?"

"मग काढत का नाहीस?"

"कशासाठी? पानं चांगली असोत की वाईट, तो आपला एकच लाल टोकन लावतो. एखाद्याला कळलं की इथे पैसे पुरलेत आणि तो नुसता वर खुर्ची टाकून बसला, तर मी त्याला हाकलू? मला त्याच्या डोक्याशी काय करायचंय, मी हात बघतो."

कपाळ माझं! इतकी साधी गोष्ट. तो बिचारा वर्षभर निकालाची वाट बघत होता आणि परीक्षेलाच बसला नव्हता.

खेळाडूला हे सांगणं म्हणजे माझी नोकरी जाण्याचं काम. पण मी सांगितलं. बाजारातच, टोमॅटोंपाशी.

"बेरीज चढली की मोठं लावा. एका लाल टोकनासाठी कोणी कोणाला उठवत नाही."

लाइल हादरलाच. "मोठं लावू? म्हणजे जुगारच की गं तो!"

"मग इतकी वर्षं काय करत होतात तुम्ही, भजन?"

पुढच्या मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. सुरुवातीला लाल, लाल, लाल. बेरीज चढत गेली. मग त्याने खिशातून शंभराचं काळं टोकन काढलं आणि दोन बोटांनी असं पुढे सरकवलं, जणू ते चटका देणार होतं. नियमाप्रमाणे मी ओरडले, "काळं टेबलावर!" पेट्रिनीने मान वळवली. लाइल तो डाव जिंकला, पुढचा हरला, तिसरा जिंकला. बेरीज उतरली तसा पुन्हा लालवर आला. त्याचं कपाळ घामाने डबडबलं होतं.

पेट्रिनी आला. "मिस्टर ऑर्डवे, तुमचा खेळ आता आम्हांला झेपत नाही. जेवा, मशीनवर खेळा, सगळं तुमचंच आहे. पण ब्लॅकजॅक यापुढे नाही."

लाइल उठला आणि पेट्रिनीचा हात दोन्ही हातांत धरून हलवत राहिला. मग दारापाशी जाऊन त्याने घरी फोन लावला. "मार्लिस! काढलं मला! अगं, बाहेर काढलं!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. एका टोकनाच्या खेळासाठी कोणी मोजायला शिकावं का, ह्याचं उत्तर त्या दिवशी मी बदलायला तयार होते.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी टेबल लावत होते, तर लाइल आला. त्याच जागी बसला आणि लाल टोकन पुढे ठेवलं.

मला वाटलं, थट्टा करतोय. "काय हो, मस्ती चढली का?"

तो वाकून कुजबुजला, "कोरीन, आज मी ठरवूनच आलोय. तू म्हणालीस ना, मोठं लावा म्हणून? आज लावणार. बघू पेट्रिनी काढतो का."

माझ्या हातातली पानं तशीच राहिली. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. डोळे स्वच्छ, उत्सुक, जरासे घाबरलेले.

पेट्रिनी लांबूनच तरातरा आला. "मिस्टर ऑर्डवे, मागच्या—" इतकंच बोलला. मी मानेनेच नको म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग लाइलकडे.

"मागच्या टेबलावर काम आहे," तो म्हणाला आणि चार पावलं जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मी पानं वाटली. दुसरं काय करणार? लाइलचे ओठ हलत होते. बेरीज चढली, माझीही चढली, आणि अगदी योग्य वेळी त्याने काळं टोकन पुढे सरकवलं. मी ओरडले, "काळं टेबलावर!" पेट्रिनी वळला, कोट नीट केला आणि आला.

"मिस्टर ऑर्डवे," तो म्हणाला, "तुमचा खेळ आता आम्हांला झेपत नाही."

लाइल उठला. त्याने पेट्रिनीचा हात दोन्ही हातांत धरला, हलवला, आणि खिशातला फोन चाचपत दाराकडे धावला.

"मार्लिस! काढलं मला!"

पलीकडून ती बराच वेळ काही बोलली नसावी, कारण तो फोन कानाला लावून नुसताच उभा होता. मग एकदम खुलला.

"हो ना!" तो म्हणाला. "खरंच सांगतोय! आत्ता, ह्याच क्षणी!"