नऊनं न जाणारा नंबर

काल्हेरच्या केसरीनाथशेठच्या घरात नऊशिवाय पान हलत नसे. गाड्यांच्या नंबरांची बेरीज नऊ, झाडून सगळ्यांच्या मोबाइल नंबरांची बेरीज नऊ. आता होणाऱ्या सुनेचीही नऊच हवी. साखरपुड्याला आठवडा होतोय तोच मृणाली भेटायला आली, तर चहाच्या कपाशेजारी तिच्यासाठी नवं सिमकार्ड हजर.

"आमचे घरान सगल्यांची टोटल नऊ हाय," शेठ म्हणाले. "तुजीच तेवरी वायली."

मृणाली राहनाळला क्लासमध्ये गणित शिकवायची. आपला नंबर मूळ संख्या आहे हे कॉलेजच्या कॉम्प्युटरवर कळलं, तेव्हा ती लॉटरी लागल्यागत नाचली होती. चांगला दहा आकडी, पण एक आणि तो स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही! तो सोडायचा? आज नंबर गेला, तर उद्या काय काय जाईल कोण जाणे. तिनं हितेशकडे पाहिलं. नवरदेव फरसाणातले शेंगदाणे वेचत होते.

"बाबा, तुमच्या नंबरला नऊनं भागून बघा ना."

शेठनी मोबाइलवर भागलं. बाकी काहीच उरली नाही. हितेशच्या नंबरालाही नाही, स्वतःच्या बायकोच्याही नाही. शेठ खुलले. "बग, कवरी ताकद हाय!"

"बेरीज नऊ आली की नऊनं भाग जाणारच," मृणाली म्हणाली. "म्हणजे तुमच्या घरातला कुठलाही नंबर नऊ जणांत सारखा वाटून टाकता येतो. आता माझा वाटून बघा."

भावांची वाटणी होऊ दिली नाही, याचा शेठना कोण अभिमान! त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी तिचा नंबर नऊनं भागला, तर दशांशचिन्हापुढे आकडेच आकडे सांडले. मग तीननं, सातनं, अकरानं. चहा गार झाला. अखेर ते ओरडले, "गेला! भाग गेला!"

"कितीनं?"

"एकान."

हितेशला ठसका लागला. "एकानं सगळेच जातात, बाबा," मृणाली हसू दाबत म्हणाली.

"मंग आता इचा करावा काय?" शेठनी वैतागून बायकोकडे पाहिलं.

कमळताईंनी सिमकार्ड उचललं आणि नवऱ्याच्या खिशात घातलं. "माजा माहेरचा नाव गुणा व्हता," त्या मृणालीला म्हणाल्या. "टोटल बसत नव्हती म्हनून लग्नान यांनी कमळ ठेवला. मना कोनी इचारला न्हाय. तुजा नंबर ऱ्हावदे."

मृणालीनं आपल्या मोबाइलमध्ये त्यांचा नंबर काढला, 'सासूबाई' पुसलं आणि 'गुणाआई' लिहून त्यांच्यासमोर धरलं. कमळताई बराच वेळ ते वाचत राहिल्या.

शेठ सवयीनं बोटांवर अक्षरांची बेरीज करू लागले. कमळताईंनी नुसतं पाहिलं. शेठनी बोटं मिटली आणि गार चहा एका घोटात संपवला.